लेओव्हिल बार्टन २००० : मुरलेली बोर्दो आणि ती उघडण्याची रीत

निकाल आधी सांगून टाकू. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या शातो लेओव्हिल बार्टन या द्राक्षबागेच्या लाल वाइनची २००० सालची बाटली आता उघडायला हरकत नाही. नीट सांभाळलेली असेल तर ती अजून दहा-पंधरा वर्षं सहज टिकेल, पण आता थांबायची सक्ती उरलेली नाही. पहिली बारा-पंधरा वर्षं ही वाइन तोंडात घेतली की कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळून यायच्या. फळाची चव मागे कुठेतरी जाणवायची, पण तुरटपणा तिला पुढे येऊ द्यायचा नाही. तो तुरटपणा आजही आहे, फक्त आता तो मुरला आहे. लोणच्याच्या बाबतीत आपण जे मुरणं म्हणतो, ते या वाइनला अगदी नेमकं लागू पडतं. मीठ कमी झालेलं नसतं, तरी ते वेगळं लागत नाही.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा. मधोमध रंग अजून दाट आहे, पिकल्या डाळिंबाच्या दाण्याहून गडद. कडेकडे येता येता तो विटकरी होत जातो आणि अगदी काठाशी नारिंगी छटेची बारीक किनार दिसते. तरुण बोर्दो या काठाशी कोकमाच्या आगळासारखी जांभळट असते. ग्लास न हलवता पहिला वास घेतला की पेन्सिलला टोक काढताना येतो तसा सिडारच्या लाकडाचा वास येतो, त्यामागून वाळलेल्या तंबाखूच्या पानाचा. ग्लास दोनदा फिरवला की ब्लॅककरंट, म्हणजे युरोपातलं काळं, बोरीएवढं आंबटगोड फळ, वर येतं. ते ताजं नसतं, वाळवून ठेवलेल्या फळासारखं असतं. त्याच्याबरोबर थोडं चामडं आणि पावसाळ्यातल्या झाडाखालच्या कुजक्या पानांचा वास. जिभेवर आधी आंबटपणाची सरळ रेघ, मग फळ, आणि शेवटी दातांच्या मागे रेंगाळणारा बारीक, कोरडा तुरटपणा. घोट गिळल्यावर अर्धा मिनिट चव राहते. गोडवा कुठेच नाही. ज्यांना जॅमसारखी भरगच्च, गोडसर फळाची वाइन आवडते त्यांनी या बाटलीवर पैसे घालू नयेत. त्यात ना त्यांचा दोष, ना वाइनचा.

ही वाइन येते बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिराँदच्या खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदॉक पट्ट्यातून. मेदॉकमधलं सँ-झुलियँ हे गाव छोटं आहे. सगळी मिळून सुमारे नऊशे हेक्टर द्राक्षबाग. त्यातला फार मोठा भाग नामांकित, श्रेणीबद्ध बागांच्याच ताब्यात आहे, आणि म्हणून लेबलवर हे नाव दिसलं तर सहसा फसगत होत नाही. सतराव्या शतकापर्यंत इथे बरीचशी दलदल होती. डच अभियंत्यांनी चर खोदून पाण्याचा निचरा केला, तेव्हा रेतीगोट्यांचे बुटके उंचवटे उघडे पडले. हिमयुगांच्या काळात नद्यांनी पिरिनीज आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून वाहून आणलेले हे गोटे. पाऊस पडला की पाणी त्यांच्यातून भर्रकन खाली जातं, वेलीचे पाय ओले राहत नाहीत. दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब सोडतात. कॅबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष, त्याला ही ऊब लागते. गोट्यांच्या खाली चिकणमातीचा थर आहे, तो कोरड्या उन्हाळ्यात खोल गेलेल्या मुळांना ओलावा पुरवतो. शेजारची रुंद खाडी थंडीत गोठण आणि उन्हाळ्यात काहिली, दोन्ही सौम्य करते. मेदॉकमधले जुने लोक म्हणतात की चांगली बाग ती, जिला नदी दिसते. लेओव्हिलला नदी दिसते.

लेओव्हिल ही मुळात एकच अवाढव्य मालमत्ता होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे पडायला लागले आणि शेवटी तीन घरं झाली: लास काझ, प्वाफेरे आणि बार्टन. बार्टन हे आयरिश व्यापारी कुटुंब. पहिले टॉमस बार्टन १७२२ साली बोर्दोला आले आणि वाइनच्या व्यापारात स्थिरावले. त्यांच्या नातवाने, ह्यू बार्टनने, १८२१ मध्ये लाँगोआ ही बाग आणि तिथला वाडा विकत घेतला, आणि १८२६ मध्ये लेओव्हिलचा एक हिस्सा. या हिश्शाबरोबर वाडा किंवा वाइन करण्याची इमारत काहीच मिळालं नाही. त्यामुळे तेव्हापासून आजपर्यंत लेओव्हिल बार्टनची द्राक्षं लाँगोआच्या आवारातच चिरडली जातात, आंबतात आणि पिंपात भरली जातात. नावात शातो, म्हणजे वाडा, आहे, पण स्वतःचा शातो नाही. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावावरून मेदॉकच्या बागांची पाच श्रेणींची यादी केली, तीत लेओव्हिलची तिन्ही घरं दुसऱ्या श्रेणीत बसली आणि लाँगोआ तिसऱ्या. त्या यादीतल्या ज्या मोजक्या बागा तेव्हाच्याच कुटुंबाकडे आजही आहेत, त्यांत बार्टनच्या या दोन्ही येतात. १९८३ पासून कारभार पाहणारे अँथनी बार्टन २०२२ मध्ये गेले. बोर्दोत भाव आकाशाला भिडत असतानाही त्यांनी आपल्या वाइनची किंमत पिणाऱ्याच्या आवाक्यात ठेवली, हा त्यांचा लौकिक होता. २००० सालच्या पहिल्या श्रेणीच्या कुठल्याही बाटलीच्या किमतीशी तुलना केली तर ही वाइन आजही तिच्या छोट्या हिश्शात मिळते. आमच्या मते ती इतकी सुचवण्याचं अर्धं कारण हेच आहे.

बागेत सुमारे तीन चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्यों, उरलेल्यात बहुतेक मर्लो आणि थोडं कॅबर्ने फ्राँ. कॅबर्ने सोव्हिन्यों म्हणजे कॅबर्ने फ्राँ आणि पांढरं सोव्हिन्यों ब्लाँ यांचा नैसर्गिक संकर, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात डीएनए तपासून दाखवलं. हेच द्राक्ष आपल्याकडे नाशिकच्या बागांतही आहे, पण तिथे पावसाळ्यामुळे वर्षातून दोन छाटण्या होतात आणि तोड जानेवारी ते मार्चमध्ये. मेदॉकमध्ये तोड सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होते. दाणा लहान, साल जाड, बिया मोठ्या. तुरटपणा येतो तो या सालीतून आणि बियांतून. लाकडी हौदांत आंबवणं झालं की वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष राहते. त्यातली निम्मी-अधिक पिंपं नवी असतात. निवळण्यासाठी बोर्दोची जुनी रीत म्हणजे दर पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक. तो जास्तीचा तुरटपणा धरून तळाशी बसतो. उरलेल्या पिवळ्या बलकातूनच कॅनेले नावाचा छोटा, करपट सालीचा गोड पदार्थ जन्मला असं बोर्दोचे लोक सांगतात.

२००० सालाचं हवामान आधी कुणाला भरवशाचं वाटलं नव्हतं. वसंतात सततचा पाऊस, पानांवर भुरी-केवड्यासारख्या रोगांचा जोर. जुलैच्या शेवटी आभाळ मोकळं झालं, ऑगस्ट कोरडा आणि तापलेला गेला, सप्टेंबरही तसाच. दाणे छोटे राहिले, साली जाड झाल्या, आणि ऑक्टोबरातल्या पावसाच्या आधी कॅबर्ने पूर्ण पिकलं. न पिकलेल्या कॅबर्नेला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो. या बाटलीत तो नाही. जाड सालीच्या वर्षाची किंमत मात्र पिणाऱ्याला वाट पाहून चुकवावी लागते, आणि बार्टनच्या घराची शैली मुळातच ताठ.

मुरताना नेमकं होतं काय? सालीतली रंगद्रव्यं आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, एकमेकांना जोडत जातात, त्यांच्या लांबलचक साखळ्या होतात. साखळी खूप मोठी झाली की ती द्रवात तरंगू शकत नाही, तळाशी गाळ होऊन बसते. म्हणून जुनी लाल वाइन फिकट होते, जिभेला मऊ लागते आणि बाटलीच्या बाजूला काळसर थर जमतो. त्याच काळात ताज्या फळाचे वास ओसरतात आणि लाकूड, तंबाखू, माती, चामडं असे वास तयार होतात. बुचातून अगदी सूक्ष्म प्रमाणात हवा आत जाते. ती या सगळ्याला लागते, पण थेंबभरच. उष्णता वाढली की हीच क्रिया घाईने आणि बेढब होते. १२ ते १४ अंश, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि आडवी बाटली, म्हणजे बूच ओलं राहतं. यातलं एकही मोडलं तर तीच वाइन दहा वर्षांत म्हातारी होते.

म्हणून विकत घेताना लेबलपेक्षा बाटलीचा प्रवास महत्त्वाचा. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न: ही कुठून आली, किती हात बदलले, कुठे ठेवली होती? बोर्दो किंवा लंडनच्या बंदिस्त गोदामातून थेट आलेली, मूळ लाकडी पेटीतली बाटली दोन पैसे जास्त देऊनही घ्यावी. मग बाटली उभी करून वाइनची पातळी बघा. या वयाला ती मानेत किंवा मानेच्या बुडाशी हवी. खांद्याच्या वरच्या वळणापर्यंत उतरली असेल तर भाव कमी करून मागा. खांद्याच्या मध्यापर्यंत गेली असेल तर सोडून द्या, आत जादा हवा शिरली आहे. वरचं धातूचं टोपण बोटांनी फिरवून बघा. ते सहज फिरायला हवं. चिकटून बसलं असेल आणि कडेला सुकलेला चिकट ओघळ असेल, तर कधीतरी उन्हातान्हात वाइन फुगून बुचावाटे बाहेर आली आहे. लेबलवर ओलीचे डाग पडले असतील तर मात्र घाबरू नका, दमट तळघराची ती खूण असते आणि दमटपणा बुचाला मानवतो. उघडल्यावर लांब बुचावर बागेचं नाव आणि साल छापलेलं दिसतं, ते लेबलशी जुळतं का पाहून घ्या.

मुंबई-पुण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, बाहेरून येणाऱ्या वाइनवर भारतात अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क लागत आलं आहे, त्यामुळे इथल्या दुकानात अशी बाटली परवडत नाही आणि कितीदा उन्हात पडली याचा भरवसाही नसतो. परदेशातून येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत घट्ट गुंडाळून आणाव्यात, आणि प्रवासात घुसळलेला गाळ बसायला निदान दोन-तीन आठवडे बाटलीला हात लावू नये. दुसरं, घरचा फ्रिज. त्यात आठवडाभर ठेवली तर काही बिघडत नाही, वर्षानुवर्षं नको. फार थंड, कोरडा आणि सतत थरथरणारा असतो, बूच वाळून आक्रसतं. वाइनचं कपाट नसेल तर साठवायच्या फंदात पडू नका, आणा आणि त्याच थंडीत प्या.

आता उघडणं. चांगल्या बाटल्या वाया जातात त्या बहुतेक याच टप्प्यावर.

दोन दिवस आधी बाटली उभी करा, म्हणजे बाजूचा गाळ घसरून तळाशी जाईल. ग्लासात वाइन १६ ते १८ अंशांना हवी. ‘रूम टेम्परेचर’ हा शब्द युरोपातल्या थंड, जाड भिंतींच्या घरातून आला आहे. आपल्या तीस अंशांच्या खोलीत त्याचा अर्थ उकळलेली वाइन. तिथे १५ अंशांवरच ओता, ग्लासात ती पाच-दहा मिनिटांत चढते. गरम झाली की अल्कोहोल नाकात झोंबतं आणि सिडार-तंबाखू सगळं दबून जातं. फार थंड राहिली तर तुरटपणा वाढलेला वाटतो.

टोपण पूर्ण काढा, नुसतं वरचं झाकण कापू नका, कारण ओतताना मानेतून उजेड दिसायला हवा. मान आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. पंचवीस वर्षांचं बूच मऊ आणि ठिसूळ झालेलं असतं. मळसूत्र घालून जोरात खेचलं की मध्येच तुटतं. यासाठी दोन पात्यांचं ओपनर वापरा. आधी लांब पातं बूच आणि काच यांच्या फटीत सरकवा, मग आखूड, दोन्ही हलकेच डुलवत खाली घाला, आणि फिरवत फिरवत वर ओढा. सरळ वर ओढायचं नाही, आणि पाती घालताना बूच आत ढकललं जात नाही ना, ते बघत राहायचं. तुटलंच तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घालून काचेच्या भिंतीवर दाब देत काढा. तेही जमलं नाही तर तुकडा आत जाऊ द्या आणि स्वच्छ धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या बारीक मलमलीतून गाळा. कॉफीचा गाळणकागद नको, त्याचा कागदी वास वाइनला लागतो.

डिकॅन्टरमध्ये, म्हणजे वाइन गाळाविना ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, चमचाभर वाइन घालून ती सगळीकडे फिरवा आणि फेकून द्या. मग मानेच्या खाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवून एका संथ, न थांबणाऱ्या धारेत ओता. मध्येच बाटली सरळ केली की गाळ उसळतो आणि मागची सगळी काळजी पाण्यात जाते. सुरुवातीला मानेत स्वच्छ माणकासारखा लाल प्रकाश दिसतो. शेवटाकडे खांद्याच्या वळणातून धुरासारखी एक काळी रेघ पुढे सरकायला लागते. ती मानेत शिरण्याआधी थांबायचं. तळाशी तीसेक ते पन्नास मिलिलिटर उरतं, ते राहू द्या. ते कडू आणि किरकिरं लागतं. ग्लासात काही काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, अपायकारक मुळीच नाहीत.

या बाटलीला डिकॅन्टरमध्ये दीड ते दोन तास द्या. ऐंशीच्या दशकातल्या नाजूक वाइनना इतका वेळ दिला तर त्या जेवणाआधीच विरतात, पण २००० च्या बार्टनला हवा लागते. पहिल्या दहा मिनिटांत ती बंद, किंचित कोंदट वासाची वाटते. घाबरून ओतून देऊ नका. बाटलीत कोंडलेला वास हवेत निघून जातो. खरोखर बिघडलेलं बूच असेल तर उलटं होतं, भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा वास वेळ जाईल तसा वाढत जातो आणि फळ पुसून टाकतो. त्यावर उपाय नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास, तपकिरी रंग, चिरून ठेवलेल्या सफरचंदाची चव, ही हवा शिरल्याची लक्षणं. शिजवलेल्या फळाची सपाट, बेचव वाइन म्हणजे उष्णता. तबेल्याचा किंचित वास हा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. जुन्या मेदॉकमध्ये थोडा चालतो, बँडेजपट्टीसारखा तीव्र झाला तर नको.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, पाचशे-सहाशे मिलिलिटरचा घ्या आणि त्यात ओता फक्त शंभर मिलिलिटर. गाळ वगळता एका बाटलीत असे सात पेले होतात. सहा माणसांहून जास्त बोलावू नका.

बोर्दोत याच्याबरोबर शेजारच्या पोयाक गावचं कोवळं कोकरू किंवा द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजलेलं मांस असतं. मांसातली प्रथिनं तुरटपणा पकडतात, म्हणून घोट मऊ लागतो. आपल्या घरी मीठ, मिरी आणि थोडं लसूण लावून संथ आचेवर भाजलेला मटणाचा तुकडा उत्तम जातो. सुकं, तांबडा रस्सा, कोल्हापुरी मसाला यांच्याबरोबर ही वाइन उघडू नये. तिखट अल्कोहोलची आग आणि तुरटपणा दोन्ही वाढवतं, आणि गरम मसाल्यापुढे सिडार-तंबाखूचा बारीक वास ऐकूच येत नाही. शाकाहारी असाल तर लोण्यात परतलेले मशरूम, किंवा जुनं कडक चीज, कोंते वा मुरलेली मिमोलेत. मऊ, पांढऱ्या सालीच्या चीजबरोबर तुरटपणा कडवट होतो.

शेजाऱ्यांशी तुलना करायची तर लास काझ जास्त दाट आणि भारदस्त, त्याची बाग पहिल्या श्रेणीतल्या शातो लातूर या बागेच्या हद्दीला लागून आहे, किंमतही तशीच. प्वाफेरे गोलसर, पटकन आपलंसं होणारं. बार्टन या दोघांपेक्षा सरळ, आणि जेवणाच्या ताटापुढे तिन्हींत जास्त कामाचं. २००० ची बाटली हाती लागली नाही तर २००१ बघा, अंगाने हलकी पण आज पूर्ण तयार. १९९६ कॅबर्नेची, ताणलेली, अजून जोमात. २००५ ला आत्ता हात लावू नका. पैसे आणखी कमी असतील तर त्याच आवारात होणारं लाँगोआ बार्टन घ्या, ते थोडं लवकर मुरतं. आणि २००० चीच दीड लिटरची मॅग्नम कुठे मिळाली, तर तीत वाइनच्या मानाने हवा कमी असल्यामुळे मुरणं सावकाश होतं. ती अजून पाच-सहा वर्षं आडवीच राहू द्या.